मिच्छामि दुक्कडम्: फॉरवर्ड करण्याआधी

भाद्रपदात, गणपतीच्या आसपास, फोनवर हात जोडलेलं एक चित्र येतं. खाली लिहिलेलं असतं, ‘मिच्छामि दुक्कडम्’. आपण ‘सेम टू यू’ ठोकतो आणि पुढे सरकतो. मी जैन नाही, त्यामुळे मीही अनेक वर्षं तेच केलं. पण वर्षभराच्या वागण्याचा हिशेब मांडायची इतकी बारकाईची पद्धत मला दुसरीकडे दिसली नाही, म्हणून आजचा भाग त्यावर.

श्वेतांबर जैनांचं पर्युषण आठ दिवसांचं, त्याचा शेवटचा दिवस संवत्सरी. दिगंबरांचं दशलक्षण पर्व दहा दिवसांचं, ते अनंत चतुर्दशीला संपतं, मग क्षमावणी. सांगली-कोल्हापूरकडे मराठी बोलणारे जैन बहुतेक दिगंबर. त्यांच्याकडून ‘उत्तम क्षमा’ ऐकायला मिळेल. संवत्सरी म्हणजे वर्षाची. दुकानाच्या वह्या दिवाळीला बदलतात, ही वही त्याआधीच बंद होते.

आता गंमत बघा. हे शब्द प्राकृत आहेत आणि त्यांचा अर्थ ‘मला माफ करा’ असा नाहीच! अर्थ आहे, ‘माझं दुष्कृत्य मिथ्या होवो’. म्हणजे बोलणारा आधी स्वतःच्या कृत्याकडे बघतोय. समोरच्याने माफ केलं म्हणून कर्म पुसलं जातं, असं जैन विचार मानत नाही. ज्याने केलं, त्यालाच ते फेडायचंय.

यासाठी प्रतिक्रमण असतं, म्हणजे मागे फिरणं. रोज सकाळ-संध्याकाळ, मग पंधरवड्याने, चार महिन्यांनी आणि वर्षाने. जैन कर्मविचारात रागाच्याही चार प्रती सांगतात: पंधरा दिवस टिकणारा, चार महिने टिकणारा, वर्षभर टिकणारा आणि जन्मभर न सुटणारा. पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीची भेग, डोंगराची भेग. शेवटच्याला नाव आहे अनंतानुबंधी. वेळापत्रक आणि ही यादी शेजारी ठेवली की कळतं, संवत्सरी ही शेवटची मुदत आहे. त्यापुढे राग नेला की तो मुरला.

आणि हिशेब तरी किती बारीक! इरियावहिया नावाचं एक छोटं सूत्र आहे. येता-जाता जिवांना कशी कशी इजा झाली, याचे त्यात दहा प्रकार मोजलेत. ठोकरलं, धुळीने झाकलं, घाबरवलं, जीव घेतला. आणि एक असं की, एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं. मुंगी बाजूला सरकवली, तेसुद्धा! शिवाय पाप तीन तऱ्हांनी होतं: स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा कुणी केलं त्याला अनुमोदन दिलं. या तिसऱ्यापाशी मी थांबले. ग्रुपवर कुणाची टर उडवली जाते, तेव्हा हसण्याची इमोजी टाकणारे पंधरा जण कुठल्या खान्यात बसतात? कुणीच ‘मी केलं’ म्हणत नाही.

हे मला नुसतं पुस्तकी वाटत नाही, त्याला कारण आहे. कॉलेजात एका मित्राने माझ्या खाजगी चॅटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता. नंतर मी ग्रुप सोडला, त्या वर्षीचं गॅदरिंगही सोडलं. पुढे दरवर्षी त्याचं ते हात जोडलेलं चित्र यायचं, दीडशे जणांना गेलेलं. गेल्या संवत्सरीला मी पहिल्यांदाच उत्तर लिहिलं: ‘कशाबद्दल?’

निळ्या टिका आल्या. दोन दिवस काहीच नाही. मग चार मिनिटांची व्हॉइस नोट आली. त्यात त्याने स्क्रीनशॉटचं नाव घेतलं, ‘गंमत म्हणून’ वगैरे काही न जोडता. आणि मला माहीत नसलेली एक गोष्टही सांगितली, की तो त्याने आणखी दोन ग्रुपवर पाठवला होता.

खरं सांगू? ऐकून राग आधी वाढलाच. ‘इट्स ओके’ टाईप केलं आणि खोडलं, कारण ओके नव्हतं. पण त्यानंतर त्या ग्रुपमधल्या दोघींशी मी बोलायला लागले, ज्यांना मी इतकी वर्षं उगाच टाळत होते. त्याला मात्र अजून उत्तर दिलेलं नाही.

यंदाची संवत्सरी पुढच्या आठवड्यात आहे. व्हॉइस नोट मी काल पुन्हा ऐकली, या वेळी पूर्ण.