राखणीची बंदूक घरात कशी ठेवावी?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आज बियाणे, खते किंवा फवारणी यांवर बोलायचे नाही, याचे काहींना नवल वाटेल. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे चोपडा, यावल, रावेर आणि तिकडे शिरपूर भागात, मका दुधात आला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वाफेच्या वाफे आडवे करतो. हरभऱ्यात रोही शिरतात. अशा ठिकाणी पीक संरक्षणासाठी परवान्याची बंदूक काही घरांत आहे. ती शेतात कशी वापरावी याची चर्चा होते. ती घरी आल्यावर कुठे जाते, हे कोणी विचारत नाही.

मी बहुतेक घरांत पाहिले ते असे : धाब्याच्या घरात मधल्या खोलीत खुंटी, खुंटीवर बंदूक, खाली कोनाड्यात छर्रे आणि टोप्या, आणि त्याच खोलीत मुले अभ्यासाला बसलेली. घरधनी म्हणतात, "मुलांना ताकीद दिली आहे." ताकीद दिलेल्या मुलालाच ती वस्तू हातात घेऊन पाहावीशी वाटते. पाहुण्यांच्या मुलांना तर ताकीदही दिलेली नसते.

आपल्याकडे ठासणीची बंदूक जास्त. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. हिचा धोका काडतुसाच्या बंदुकीपेक्षा वेगळा आहे, तो नीट समजून घ्या. काडतुसाची बंदूक मोडून उघडली की नळी रिकामी आहे की नाही ते डोळ्यांना दिसते. ठासणीची भरलेली आणि रिकामी बंदूक बाहेरून अगदी सारखी दिसते. रात्री माळ्यावर ठासली, जनावर आले नाही, पहाटे तशीच घरी आणून टांगली, आणि आठ दिवसांनी ती भरलेली आहे हे ठासणाराही विसरला, असे घडते. टोपी काढली म्हणजे ती रिकामी झाली असे नव्हे. दारू आणि छर्रे आतच असतात.

यावर सोपा उपाय आहे. नळी रिकामी असल्याची खात्री असताना ठासणीचा गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर कानसेने खूण करा. पुढे केव्हाही गज सोडला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे. गज सोडताना टोपी काढलेली असावी, तोंड माणसांकडे नसावे आणि आपले डोके नळीवर आणू नये. भरलेली बंदूक घरात आणूच नये. ती शेतातच रिकामी करावी. ते कसे करायचे हे जाणकाराकडून समोर बसून शिकून घ्यावे. घरात आत अडकलेला बार स्वतः उकरू नये.

घरात बंदूक रिकामीच आणि कुलपात असावी. भिंतीला किंवा जमिनीला पक्के बसवलेले लोखंडी कपाट उत्तम. तेवढा खर्च झेपत नसेल तर जाड लाकडी पेटी, कडी-कोयंडा आतून बोल्टने आवळलेला. दारू, छर्रे, टोप्या किंवा काडतुसे दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कुलपात. चूल, दिवा, विडी यांपासून दूर. टोप्या दारूच्या डब्याजवळ ठेवू नयेत. किल्ली परवानाधारकाजवळ असावी. देवघरात, उशीखाली, धान्याच्या कोठीत लपवलेली किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत असते!

पावसाळ्यात बंदूक कापडी वा चामडी गवसणीत ठेवू नका. गवसणी ओल धरते आणि नळी गंजते. काळ्या दारूची राखही लोखंड खाते; म्हणून वापरानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. काडतुसातली दारू काढून ठासणीच्या बंदुकीत भरण्याचा उपद्व्याप कोणी करू नये, नळी फुटते.

आता जरा अवघड विषय. नापिकी, कर्ज, घरातले भांडण यांनी माणूस खचतो. जिवावर उठण्याचा विचार पुष्कळदा थोड्या वेळापुरता तीव्र असतो; त्या वेळी हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असते. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आली आणि नंतरच्या वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुष्कळ घटले. बंदुकीला आणि फवारणीच्या औषधाला हाच न्याय लागतो. घरात कोणी गप्प गप्प झाला असेल, जेवण-झोप तुटली असेल, तर बंदूक काही दिवस पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येईल का, हे विचारून घ्या. औषधाचे डबेही कुलपात टाका. त्या माणसाशी बोला, त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. यात लाज कसली?

कागदपत्रांचे थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे. परवाना पिकाच्या राखणीचा असला तरी रानडुक्कर किंवा रोही मारण्यास वन खात्याची परवानगी वेगळी लागते. बंदूक चोरीला गेली तर लगेच पोलिसांना कळवावे. आणि वडील वारले म्हणून बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मग मुलाने आपल्या नावाने अर्ज करावा. चहानंतर ज्यांनी परवाना बरोबर आणला आहे त्यांनी माझ्याकडे यावे, मुदतीची तारीख आपण मिळून पाहू.