मला हवंय, त्याला हवंसं दिसतंय

(वसंत व्याख्यानमाला, अंबाजोगाई)



मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावात व्याकरणावर बोलायला भीती वाटत नाही. जपानी व्याकरणावर बोलायला थोडी वाटते. पण जपानी हा आता नुसत्या हौसेचा विषय उरलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांबाबत भारत-जपान करार झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा ठरावीक क्षेत्रांत तिकडे जायचं, तर त्या कामाची परीक्षा आणि जोडीला जपानीची एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक परीक्षा द्यावी लागते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी २०१९ च्या सुमारास परदेशी भाषा म्हणून जपानीच निवडली, ती रोबोटच्या ओढीनं. आज मी एवढंच घेणार आहे: 'मला हवंय' हे जपानीत कसं म्हणायचं.

'मिन्ना नो निहोंगो' या सर्वत्र चालणाऱ्या पाठ्यपुस्तकात हा विषय तेराव्या धड्यात येतो. वस्तू हवी असेल तर 'होशीइ', काही करावंसं वाटत असेल तर 'ताइ'. 'मिझु गा होशीइ देस', म्हणजे पाणी हवंय. 'नोमिमास' म्हणजे पितो. त्यातलं 'मास' काढून 'ताइ' लावलं की 'नोमिताइ', प्यावंसं वाटतं. तसंच 'ताबेताइ', 'इकिताइ'. आपल्याकडच्या मुली 'खायची ताई, जायची ताई' म्हणून हसतात. हसू द्या, त्या निमित्तानं पाठ होतं.

आता गंमत बघा. आपली मुलं हे इंग्रजीतून शिकतात आणि अडखळतात. इंग्रजीत 'मी' कर्ता, हवं असणं ही त्याची क्रिया आणि वस्तू कर्म. जपानीत 'होशीइ' हे क्रियापद नाहीच, ते विशेषण आहे, आणि हवी असलेली वस्तू 'गा' हा कर्त्याचा प्रत्यय घेऊन उभी राहते. मराठी माणसाला यात नवल ते काय? वही हवी, पेन हवा, पुस्तक हवं. आपलं 'हवं'सुद्धा माझ्याकडे बघत नाही, वस्तूकडे बघतं. 'पाहिजे' हा तर जुना कर्मणी प्रयोग. तेव्हा हा धडा मराठीतूनच शिकवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्थात मराठीचे खड्डेही आहेत. पहिला लहान: 'मला' म्हणायची सवय म्हणून मुलं 'वाताशी नि' म्हणतात. तिथं 'वाताशी वा' म्हणायचं, आणि खरं तर तेही बहुतेक वेळा गाळायचं.

दुसरा खड्डा मोठा. आपण म्हणतो, 'मला उद्या दवाखान्यात जायचंय.' कुणाला हौस असते का दवाखान्याची? आपल्या 'जायचंय'मध्ये इच्छा, बेत आणि सक्ती तिन्ही एकत्र नांदतात. ऐकणारा प्रसंग बघून ओळखतो. जपानीत ही तीन वेगळी घरं आहेत. 'ब्योइन ए इकिताइ' म्हटलं की तुम्हाला दवाखान्याची ओढ लागली आहे. बेत असेल तर 'इकु योतेइ देस', जावंच लागणार असेल तर 'इकानाकेरेबा नारिमासेन'. ऊसतोडीला निघालेला माणूस 'कारखान्यावर जायचंय' म्हणतो, तेव्हा यातलं कुठलं घर खरं, हे बीडकरांना सांगायला नको. म्हणून जपानी वाक्य जुळवण्याआधी स्वतःला विचारायचं: जावंसं वाटतंय, जायचं ठरलंय, की जावं लागतंय?

दुकानात 'होशीइ' वापरू नका, ते लहान मुलाच्या हट्टासारखं लागतं. 'मिझु ओ कुदासाइ', पाणी द्या, बस्स. पाहुण्याला किंवा साहेबाला 'कोही गा नोमिताइ देस का' असं विचारणंही आगाऊपणाचं. 'कोही वा इकागा देस का', कॉफी चालेल का, म्हणावं. आपल्याकडे तरी पाहुण्याला 'चहा प्यावासा वाटतो का' असं कोण विचारतं? आधण ठेवूनच बोलणं सुरू होतं. आणि सुट्टी मागताना 'यासुमिताइ न देस गा...' म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडायचं. आपणही 'साहेब, दोन दिवस सुट्टी पाहिजे होती...' म्हणतो. हवी असते आज, म्हणतो 'होती'. तीच नम्रता, वाट निराळी.

आता खरा मुद्दा. 'होशीइ' आणि 'ताइ' सरळ विधानात फक्त स्वतःपुरते. प्रश्न विचारताना समोरच्यापुरतेही चालतात. पण 'भावाला सायकल हवी आहे' हे मराठीत बिनदिक्कत म्हणता येतं, जपानीत तसं म्हणता येत नाही. तिथं 'ओतोतो वा जितेन्शा ओ होशिगात्ते इमास'. यातल्या 'गात्ते'चं मूळ रूप 'गारु', म्हणजे तशी लक्षणं दाखवणं. भाऊ सायकलीभोवती घुटमळतो, हट्ट धरतो. तेवढं मला दिसतं, म्हणून तेवढंच मी सांगतो. आणि बघा, 'गा' जाऊन 'ओ' हा कर्माचा प्रत्यय आला: आता ती दिसणारी क्रिया झाली. थंडीचंही तसंच. मला 'सामुइ', पण कुडकुडणाऱ्या पोराबद्दल 'सामुगात्ते इरु'. कादंबरीकाराला मात्र मुभा आहे. पात्राच्या मनात शिरून तो थेट 'ताइ' लिहू शकतो, कारण ते मन त्यानंच घडवलेलं असतं.

पुस्तकं इथं थोडी कमी पडतात. वडीलधाऱ्यांबद्दल 'ताइ'ला हाच 'गारु' जोडून 'तागात्ते इमास' म्हणणं उद्धट वाटतं. समजा, नर्सिंग शिकलेली आपली मुलगी तिकडच्या वृद्धाश्रमात लागली. रात्री एक आजोबा घरी जायचं म्हणतात. सकाळी वरिष्ठ बाईंना सांगताना तिनं 'कायेरिताइ तो ओस्शात्ते इमास' म्हणावं: 'घरी जावंसं वाटतं, असं म्हणताहेत.' आणि आजोबा काहीच बोलले नसतील, नुसते दाराशी येऊन उभे राहत असतील, तर नोंदवहीत दाराशी उभे राहिल्याचं लिहावं, किती वाजता ते लिहावं. 'ताइ' लिहू नये.