छोट्या कॅमेऱ्याचे जोडभिंग
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही छायाचित्रकार नाही. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन सरकारी नोकरीत लागलो आणि आजवर रस्ते व गटारे मोजत आलो. मूळ घर पेडणे तालुक्यात, बिऱ्हाड डिचोलीत. तरीही मंडळाने कॅमेऱ्यावर बोला म्हटले, कारण चवथीला आमच्या गळ्यात छोटा कॅमेरा आणि पिशवीत भिंगे असतात, हे सर्वांनी पाहिलेले आहे. ती भिंगे आमच्याकडे कशी आली, तेच आज सांगतो.

आमच्या थोरल्या काकी गेल्या, तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधू लागलो. चवथीचे फोटो ढीगभर होते. गणपती होता, माटोळी होती, भाऊ, पुतणे, जावई सगळे होते. काकी एकाही फोटोत नव्हत्या. दरवर्षी फोटोच्या वेळी त्या पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून येत, दाटी पाहत आणि म्हणत, "तुम्ही उभे राहा, मी बाजूला आहे." शेवटी निवडणूक ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. तो इतका पुसट आला की नातवंडांनी विचारले, ही कोण?

मग आम्ही आमच्या सवयीप्रमाणे टेप काढला. गणपतीच्या खोलीत समोरच्या भिंतीला पाठ लावली तरी कॅमेरा आणि माणसे यांत अंतर जेमतेम दहा फूट. आमचा कॅमेरा कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस, २००७ सालचा. त्याची झूम जुन्या फिल्मच्या हिशेबाने ३५ ते १४० मिलिमीटर. दहा फुटांवरून त्यात सुमारे दहा फूट रुंदीच मावते. आमच्या कुटुंबाची रांग तेरा-चौदा फुटांची. म्हणजे बाजूचे तीन-चार फूट दरवर्षी कापले जात होते आणि त्या कापलेल्या जागेत काकी उभ्या होत्या.

यावर उपाय म्हणजे वाइड कन्व्हर्टर. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स काढून दुसरी बसवता येत नाही. पण तिच्या पुढे आणखी एक भिंग जोडता येते. दुर्बीण उलटी धरून पाहिली तर जवळचे दूर आणि लहान दिसते ना? वाइड कन्व्हर्टर म्हणजे तशीच उलटी दुर्बीण, आणि टेली कन्व्हर्टर म्हणजे सुलटी. वाइडवर ०.७ लिहिलेले असते. ३५ ला ०.७ ने गुणले की साडेचोवीस. दहा फुटांवरून आता चौदा फूट मावतात. टेलीवर १.७५ असते, १४० चे २४५ होतात.

जोडताना एक गोष्ट सांभाळावी. हे भिंग जड असते. ते झूमच्या पुढे-मागे सरकणाऱ्या नळीवर कधीही लटकवू नये, आतली यंत्रणा बिघडते. लेन्सभोवतीची कडी काढून तिथे अडॅप्टरची नळी बसवायची. ती कॅमेऱ्याच्या अंगावर घट्ट बसते आणि लेन्स तिच्या आत मोकळी सरकते. भिंग त्या नळीच्या टोकाला.

दुसरी गोष्ट आम्ही फजिती होऊन शिकलो. टेली लावून मयेच्या तळ्यावर गेलो. पाण्यातल्या ओंडक्यावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. पडद्यावर पाहतो तर मध्ये उजेडाचा गोल आणि भोवती काळोख, नळातून डोकावल्यासारखा! भिंग खराब निघाले म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात बरेच बोललो. दोष आमचाच होता. टेली लावली की झूम पूर्ण पुढे न्यावी लागते आणि वाइड लावले की पूर्ण मागे. हे कळेपर्यंत पाणकावळा उडून गेला. टेलीने हात हलल्याचेही मोठे होऊन दिसते, म्हणून तिपाई घ्यावी किंवा निदान १/२५० सेकंदाचा वेग ठेवावा.

तिसरी गोष्ट फ्लॅशची. नळी फ्लॅशच्या आड येते आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यात सावली पडते. म्हणून फ्लॅश बंद करावा, खिडक्या उघडाव्या, दिवे लावावे, कॅमेरा तिपाईवर ठेवावा. तिपाईचा आणखी एक लाभ असा की टायमर लावून फोटो काढणाराही फोटोत येतो.

माटोळीसाठी क्लोज-अप भिंगही उपयोगी. ४ डायॉप्टरचे भिंग असले तर पाव मीटरवरून झूम करून सुपारीचा शिपटा, कवंडळ, घागऱ्या, अंबाडे यांचा फोटो निघतो. रानातली ही फळे ओळखणारी माणसे कमी होत आहेत. फोटोखाली नाव लिहून ठेवले तर पुढच्या पिढीला उपयोग होईल. आपल्याकडच्या पावसात भिंगाला बुरशी लवकर लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे.

आज मोबाइलमध्येच रुंद लेन्स येते, मग हे सगळे कशाला, असे मुले विचारतात. खुशाल मोबाइल वापरा. नियम तोच आहे. रुंद लेन्समध्ये कडेचा माणूस ताणला जातो, चेहरा पसरट येतो. म्हणून वडीलधाऱ्यांना मधे बसवावे आणि कडेला तरुणांनी उभे राहावे.

भिंग आणले त्या चवथीला आम्ही धाकट्या काकींना बोलावले. त्या दारातूनच म्हणाल्या, "जागा कुठे आहे? मी बाजूला आहे." आम्ही त्यांचा हात धरून पडद्यापाशी आणले आणि दोन्हीकडची रिकामी जागा दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग आत जाऊन पातळ बदलून आल्या आणि मधोमध बसल्या. त्या फोटोत माटोळीचे लाकूड कडेला थोडे वाकलेले दिसते आणि आमच्या मुलाचा कान जरा मोठा आलेला आहे. पण घरातले सगळे त्यात आहेत.

तुमच्याकडे कोणताही कॅमेरा असो, बटण दाबण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. दारात कोणी हात पुसत उभे असेल.

गणपती बाप्पा मोरया!