दुरुस्तीचा वेळ जातो कुठे?



सीमेवरचे एक रडार बंद पडले की तेवढ्या आकाशावरचा पहारा उठतो. म्हणूनच यंत्र पुन्हा उभे करणाऱ्या तंत्रज्ञाचे मोल लढणाऱ्या जवानाहून कमी नाही. भारतीय सैन्यात ही जबाबदारी १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईएमई’ दलाची आहे. ‘कर्म ही धर्म’ हे त्याचे ब्रीद.

दुरुस्तीचे काम पायऱ्यापायऱ्यांनी चालते. आघाडीजवळचा तंत्रज्ञ दोष शोधून सर्किटचे सदोष कार्ड बदलतो. त्याच्या आवाक्याबाहेरचे काम मागील कार्यशाळेकडे आणि तेथेही न होणारे तळ कार्यशाळेकडे जाते. या वाटेवर वाहतूक, सुट्या भागांची प्रतीक्षा, चाचणी, निदान व प्रत्यक्ष दुरुस्ती यांत किती वेळ जातो, याची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे.

सुटा भाग नाही म्हणून यंत्र पडून असेल, तर तो पुरवठ्याचा प्रश्न होय. त्यावर वर्ग भरवून उपाय होत नाही. परंतु ‘सदोष’ म्हणून मागे धाडलेली कार्डे तपासणीत वारंवार निर्दोष ठरत असतील, तर बहुधा निदान कच्चे आहे. चांगली कार्डे वाटेत अडकतात आणि आघाडीवरचा साठा आटतो. येथे मात्र प्रशिक्षणच हवे.

ते ठरविताना प्रत्येक कामाविषयी तीन प्रश्न विचारावेत : ते किती वेळा करावे लागते? किती अवघड आहे? चुकल्यास परिणाम काय? क्वचित येणारे, पण चुकल्यास घातक ठरणारे काम हातातून लवकर सुटते; त्याचा सराव नेमाने हवा.

अमेरिकी वायुदलासाठी १९८० च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठात ‘शेरलॉक’ ही संगणकीय प्रशिक्षणप्रणाली तयार झाली. एफ-१५ विमानांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची चाचणी करणाऱ्या यंत्रातील अवघड दोष ती तंत्रज्ञासमोर ठेवी आणि तो अडला तरच संकेत देई. अशा वीस-पंचवीस तासांच्या सरावाने निदानकौशल्यात झालेली वाढ सुमारे चार वर्षांच्या अनुभवाइतकी असल्याचे मूल्यमापनात दिसले. जे दोष प्रत्यक्षात वर्षानुवर्षांनी भेटतात, ते तेथे ओळीने भेटत, हे त्यामागचे मर्म.

सिकंदराबादचे ईएमई महाविद्यालय व वडोदऱ्याची ईएमई शाळा यांसारख्या संस्थांतील अभ्यासक्रमाचा खरा आधार कार्यशाळेची नोंदवही हाच असू शकतो. तीत प्रामाणिकपणे लिहिलेला प्रत्येक दोष पुढच्या तंत्रज्ञाचा गुरू ठरतो. जी नोंद टाळली जाते, तिची किंमत मात्र आघाडीवरचा जवान मोजतो.