आजीच्या आईचे नाव

मांजरीच्या मंडळींनो, आयाबायांनो,

तुम्ही आता आपले नाव लिहू लागलात. आज आम्ही नावांबद्दलच बोलणार आहोत. तुमच्या आजोबांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. पणजोबांचेही पुष्कळांना सांगता येईल. पण आजीच्या आईचे नाव काय? तिचे माहेर कुठले? इथे बरेचजण एकमेकांकडे बघू लागतात.

घराण्याची नावे लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला कोणी यात्रेला गेले, की तीर्थोपाध्याय विचारतात, "गाव कोणते? आडनाव काय?" मग ते जुनी वही काढतात. त्यात तुमचा आजा कधी आला होता, बरोबर कोण होते, हे लिहिलेले सापडते. तुमच्या मुलांची नावे त्याखाली चढतात. पिढ्यान्‌पिढ्या असे चालत आले आहे. काही घराण्यांनी तर आपला कुलवृत्तांत छापूनच काढला आहे.

तिकडे हरिद्वारलाही अशाच वह्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ वह्यांचे फोटो अमेरिकेतल्या एका संस्थेने काढले. संस्थेचे नाव फॅमिलीसर्च. ती लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथाची आहे. पूर्वजांची नावे शोधणे हे त्या पंथात धर्मकार्य मानतात. पण तिची यादी कोणत्याही धर्माच्या माणसाला फुकट पाहता येते. मोबाइल असला म्हंजे झाले.

आता नुसता फोटो असून भागत नाही. हजार पानांत आपला आजा शोधायचा कसा? त्यासाठी पानावरचे प्रत्येक नाव कोणीतरी वाचून यंत्रात लिहावे लागते. हे काम पगारी माणसांकडून किती होणार? ते स्वयंसेवक करतात. म्हंजे आपल्यासारखी माणसे, घरी बसून, रोज तासभर.

एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत शिरगणतीचे कागद 72 वर्षे बंद ठेवतात. 1940 सालचे कागद 2012 च्या एप्रिलमध्ये खुले झाले. त्यांत 13 कोटींवर माणसांची नावे. दीड लाखाहून जास्त स्वयंसेवक कामाला लागले आणि पाच महिन्यांच्या आत सगळी नावे उतरवून झाली. रीत अशी होती की एकच पान दोघे वेगवेगळे लिहून काढीत. दोघांचे जुळले तर ठीक. नाही जुळले तर तिसरा जाणता माणूस निवाडा करी. आपल्याकडे शिरगणतीतली माणसामाणसाची माहिती 1948 च्या कायद्याने गुप्त असते. म्हणून आपल्याला वह्यांचा आणि म्हाताऱ्या माणसांचाच आधार.

या कामाचा एक नियम पक्का आहे. कागदावर जसे असेल तसेच लिहायचे. 'धोंडी' असेल तर 'धोंडीबा' करायचे नाही. आम्ही जन्मभर मुलांच्या चुका सुधारल्या, त्यामुळे हात थांबवणे आम्हांला जड जाते. पण सुधारलेले नाव शोधणाऱ्याला फसवते.

दुसरी अडचण मोडीची. 1950 च्या सुमारापर्यंत आपल्याकडचे पुष्कळ कागद मोडीत लिहीत. मोडीत हात न उचलता लिहितात, दोन शब्दांत जागा सोडीत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. (आमच्या शाळेत मोडी असती तर किती पोरे छड्यांतून वाचली असती!) मोडी वाचणारे आता थोडे उरले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून जुने कागद सांभाळत आले आहे. असे कागद वाचायला शिकलेली तरुण मुले गावोगाव हवी आहेत. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला निघाले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती धावपळ झाली ते तुम्ही पाहिलेच. जन्ममृत्यूचे जुने कोतवाल बुक उघडले, पण वाचणार कोण?

आणि वह्यांत सगळे असतात असे समजू नका. ज्याला यात्रेचा खर्च झेपला नाही, त्याचे नाव तिथे नाही. बायकांचे तर बोलायलाच नको. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशातल्या सुमारे 28 लाख बायकांची नावे मतदार यादीतून काढावी लागली. कारण त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. स्वतःचे नाव दिलेच नव्हते. त्यांतल्या कित्येकींचे नाव आज त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नसेल.

आपली मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महानगरपालिकेत गेली. वांग्यांच्या मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मळा कोणाचा होता, विहीर कोणी खोदली, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्याकडून आताच लिहून घेतले पाहिजे. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका.

आम्ही चार निवृत्त माणसांनी असे लिहायला घेतले आहे. तुम्हीही घ्या. घरातल्या सर्वांत थोरल्या बाईपासून सुरुवात करा. तिचे लग्नाआधीचे नाव, लग्नानंतरचे नाव, माहेरचे गाव, आईचे नाव. लहानपणी गेलेली मुलेही लिहा. साल ठाऊक नसेल तर 'दुष्काळाच्या वर्षी' असे लिहा. 1972 चा दुष्काळ सगळ्यांना आठवतो, त्यावरून साल लावता येते. सांगणाऱ्याचे नाव शेजारी लिहा. दोघांनी वेगवेगळे सांगितले तर दोन्ही लिहा, भांडण नको.

थोडी काळजीही घ्या. जिवंत माणसांची माहिती उघड्यावर टाकायची नाही. आधार क्रमांक, बँकेचे पासबुक, सातबारा यांतले काही या कामाला लागत नाही. कोणी मागितले तर त्याला दारातूनच परत पाठवा. या यादीने वारसही लागत नाही. त्यासाठी महसूल खात्याकडेच जावे लागते. भाऊबंदकीचा वाद घेऊन आमच्याकडे येऊ नका.

लिहिताना अडले तर शाळेच्या ओट्यावर या. आम्ही संध्याकाळी तिथे असतो. वही साधी शंभर पानी पुरे. शाईचे पेन आणा, पेन्सिलीचे लिहिणे पुसून जाते. आणि घरी आजी असेल, तर तिलाच बरोबर आणा.