आजीची गोष्ट आणि चाळीसगावचा टांगा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या घराण्याचा इतिहास कुठल्या बखरीत नाही. तो म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. माझी आजी चाळीसगावाकडची. ती एक गोष्ट नेहमी सांगायची. बाबासाहेब चाळीसगावला उतरले, आपल्या लोकांनी त्यांना टांग्यात बसवले, आणि टांगा पुलावर उलटला. शेवटी डोळ्यांना पदर लावून म्हणायची, "आपलामुये साहेबले लागनं." हे ओझं तिनं मरेपर्यंत वाहिलं.

पुढे मी वाचायला लागलो. हा प्रसंग १९२९ सालचा. अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. ही हकिकत त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली पुस्तिकेत छापली. त्यात काय आहे? महाराला टांग्यात बसवून नेणार नाही, असे टांगेवाल्यांनी सांगितले. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याने पायी यावे हे आपल्या लोकांना पटेना. म्हणून कधी टांगा न हाकलेला आपलाच माणूस पुढे बसला. बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. मान राखायला गेलेल्या लोकांनी जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी लिहिले. पण खरे बोट ठेवले ते जातीवर. टांगेवालासुद्धा स्वतःला बॅरिस्टरपेक्षा उच्च समजतो!

म्हणजे आजी खोटं बोलत नव्हती. पण तिच्या गोष्टीत नकार देणारा टांगेवाला कधी आलाच नाही. चूक तेवढी आपली उरली. मला हे कळलं तेव्हा आजी नव्हती.

याच्या उलटही घडते. आजोबा बावन्न हक्कांची दंतकथा मिशीला पीळ देऊन सांगायचे. त्या वतनापायी रात्रंदिवस राबणूक होती, ते मात्र गोष्टीत नसे. बाबासाहेबांनी १९२८ साली वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर.

म्हणून बंधूंनो, घरच्या म्हाताऱ्यांना विचारा, वहीत लिहा, आणि लिहिलेले पुस्तकाशी ताडून पाहा. त्यांच्या हयातीतच पाहा. उरलेली अर्धी गोष्ट त्यांना वाचून दाखवा. मला ते जमलं नाही, तुम्हाला जमेल.

नमो बुद्धाय! जयभीम!