हिंदी महासागराचा सामायिक अभ्यास

आपल्या शेतीला आधार देणारा मोसमी पाऊस हिंदी महासागरावरून येतो. तरीही १९५९ पर्यंत या सागराचा शास्त्रीय अभ्यास फारच थोडा झाला होता. हे कार्य एकट्या राष्ट्राला पेलणारे नव्हते. म्हणून १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम पार पडली. तीत सुमारे ४० जहाजे सहभागी झाली. भारतीय नौदलाचे ‘किस्तना’ हे त्यांपैकी एक होय.

भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, भूशास्त्र व हवामानशास्त्र यांचे अभ्यासक एकत्र आले. परंतु प्रत्येकाचे माप निराळे राहते, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरला असता. म्हणून प्राणिप्लवक गोळा करण्यासाठी एकाच बनावटीचे जाळे ठरविण्यात आले. २०० मीटर खोलीपासून वर ओढलेल्या जाळ्यांतील नमुने कोचीनच्या केंद्रात जमा झाले. हवामानाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला एकत्र आल्या. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे या मोहिमेचेच फलित होय. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे.

गावातील पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठलाच घ्यावयाची असते, ती याच कारणाने. वेळ चुकली, की ती शेजारच्या गावाच्या नोंदीशी ताडून पाहता येत नाही. विज्ञानातील सहकार्य अशा शिस्तीवरच उभे असते.